गावात अक्षर कुणाकडं कधी आलं, हे घरबसल्या (आणि जरा फिरून) कसं शोधायचं

आमच्या खापरपणजोबांची सही म्हणजे नांगर. खरंच नांगर, शाईनं काढलेला, लहान पोरानं काढावा तसा वाकडातिकडा. माळ्यावरच्या ट्रंकेत तो कागद सापडला तेव्हा आम्हा भावंडांना वाटलं शेताचा नकाशाबिकाशा असंल. नंतर मोडी वाचणाऱ्या एका काकांनी सांगितलं की अरे ही निशाणी आहे, अक्षर येत नव्हतं म्हणून नांगर काढायचे. तिथनं जे डोक्यात शिरलं ते गेली चार वर्षं काय निघालं नाही, आणि कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात लिहायला-वाचायला कोण, कधी, कसं लागलं हे मी जमंल तसं गोळा करत बसलोय. तुम्हाला करायचं असंल तर कसं करायचं ते सांगतो, चुका मी करून झाल्यात त्या तुम्ही करू नका.

पहिली चूक तर आत्ताच सांगतो. तो नांगरवाला कागद मी लॅमिनेट करून आणला. दुकानदाराचा दोष नाही, मीच हौसेनं दिला. उष्णतेनं शाई पसरली, घड्या होत्या तिथं कागद करपल्यासारखा झाला आणि आता तो प्लॅस्टिकमधनं निघत पण नाही. त्यामुळं जुना कागद लॅमिनेट करायचा नाही, सेलोटेप लावायचा नाही, घडी जबरदस्तीनं उलगडायची नाही. दिवसा खिडकीपाशी ठेवून फ्लॅश न मारता मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे (मागच्या बाजूला कायतरी असतंच, निदान हिशोब तरी), शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे आकार कळतो, आणि मग सुती धुतलेल्या फडक्यात बांधून वेखंडाची पुरचुंडी टाकून ठेवायचं. आणि जमिनीलगत ठेवायचं नाही हो. सांगलीकरांना हे सांगायची गरज नाही, 2019 च्या पुरात तिथल्या नगर वाचनालयाची पुस्तकं भिजून गेली तशी कितीतरी घरातली दप्तरं पण गेली, त्याची कुठं मोजदाद नाही.

आता कागद वाचायचा कसा. मोडी शिका असं मी सरळ म्हणत नाही, वेळ लागतो. आधी रेघ मारून घ्यायची आणि खाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं अशी ती लिपी, शब्दात जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, पूर्णविराम नाही. पण सगळं वाचता आलं नाही तरी तीन जागा बघायला शिकलं तरी निम्मं काम होतं. वरची तारीख, खालचा लिहिणारा, आणि समासातल्या किंवा शेवटच्या सह्या-निशाण्या.

तारखेत शक असंल तर 78 मिळवा की इसवी सन आला. फसली, म्हणजे महसुली साल, असंल तर 590. पण जुन्या कागदात सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दात असतो, आणि उलटा, म्हणजे एकं आधी मग दहं मग शंभर. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, झाले 1175, त्यात 599 मिळवले की 1774-75. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं होतं, ती काय बोलली ते इथं लिहीत नाही. मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे, असे दोन दंड दिसले की शब्द तोडलाय समजायचं.

आणि आता माझ्या मते सगळ्यात भारी भाग, सह्या. गावच्या वतनाचा (पिढीजात कामाच्या हक्काचा) नाहीतर हद्दीचा तंटा मिटला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा, त्यावर गावातल्या सगळ्यांची साक्ष लागायची, आणि मग ज्याला अक्षर नाही तो आपल्या धंद्याची निशाणी करायचा. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, महाराचा दोर. म्हणजे बघा, अडाणी म्हणून बाजूला नाही काढलंय कुणाला, साक्ष सगळ्यांची पायजे, फक्त अक्षर एकाच्या हातात. तो एक कोण? बहुतेक वेळा कुलकर्णी, म्हणजे गावचं दप्तर लिहिणारा. ‘दस्तुर खुद्द’ लिहिलेलं असंल तर त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘बिकलम अमुक’ असंल तर दुसऱ्याच्या लेखणीनं. हा फरक वहीत मांडून ठेवा, प्रत्येक कागदाला तीन रकाने करा. बोलणारा कोण, लिहिणारा कोण, निशाणी कुणाची. हीच तीन रकान्यांची वही पुढं सगळीकडं चालते, अभंगाला चालते, पत्राला चालते, ओवीला पण चालते, म्हणून सुरुवातीलाच पक्की करा. पुढं इंग्रजी अमलातले स्टॅम्पपेपर लागले की नांगर-आरी हळूहळू गायब होतात आणि सगळ्यांचा एकच डावा अंगठा येतो. मला त्याचं जरा वाईट वाटतं, नांगरावरनं निदान माणूस तरी कळत होता.

मोडी वाचणारा माणूस हवा असंल तर हल्ली सापडतो पण भाव खातो, कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं 2023 पासनं मोडी वाचणाऱ्यांना जी मागणी आली तशी आधी कधी नव्हती. त्याच निमित्तानं कोतवाल बुक हा शब्द पण घराघरात पोचला, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद त्यात असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळतं, दोन-चार हेलपाटे धरूनच चाला. मोठं काही हवं असंल तर पुण्याचं पुरालेखागार, तिथं पेशवे दफ्तर आहे, सातारच्या छत्रपतींचं दफ्तर पण आहे. पण नुसतं ‘आमच्या गावाचं काय आहे का’ म्हणून जाऊ नका, परगणा कुठला, तर्फ (परगण्याचा पोटभाग) कुठली हे घरनं शोधून जा, नाहीतर रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, ढिगात हरवाल.

कागदावर कोण नाही हेही बघायचं, आणि ते कागदात बघून कळत नाही. आमच्याकडं जुनी माणसं सांगतात की सरकारी टपाल एका गावातनं दुसऱ्या गावाला पोचवायचं काम महारांकडं होतं, वतनाचंच काम ते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या हातात अख्ख्या परगण्याचे कागद खेळले त्याला त्यातलं एक अक्षर शिकायची मुभा नव्हती. मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा माझी तीन रकान्यांची वही अपुरी पडली, चौथा रकाना केला, नेणारा कोण. तुम्ही पण करा. आणि हे विचारायला त्याच वस्तीत जा, चावडीवर बसून दुसऱ्यांना विचारू नका. तिथं गेल्यावर मला कळलं की अक्षर तिकडं गावच्या शाळेतनं आलंच नाही, पलटणीतनं आलं. इंग्रजांच्या पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिकवायचे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्कराच्या शाळेत हेडमास्तरच होते, आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला राहिले म्हणून तर 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, पोराचं नाव घातलं गेलं. रजिस्टरला 1914 नंबरला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. त्या तारखेला आता राज्यात विद्यार्थी दिवस असतो. तुमच्या गावात जुनं पेन्शनर घर असंल, आणि साताऱ्यात ते नाही असं गाव दाखवा, तर डिस्चार्जचे कागद बघायला मागा, त्यात शिक्षणाचा शेरा असायची शक्यता आहे.

रजिस्टरवरनं आठवलं, शाळेचं जनरल रजिस्टर. झेडपीची शाळा शंभरी पार केलेली असंल तर हे सोनं आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, चहाला थांबा, ऑफिसमध्येच बसून बघा, घरी मागू नका (आणि हयात माणसांची माहिती चारचौघात फिरवू नका, जन्मतारीख वगैरे). पहिल्यांदा जन्मतारखांवर विश्वास ठेवायचा नाही, अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनचा निघतो, कारण मास्तर शाळेत नाव घालताना तीच टाकायचे. बघायचं ते हे, की पहिली मुलगी कुठल्या साली, कुठल्या घरातली. पहिलं पोर कुठल्या वस्तीतलं, कुठल्या साली. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा, शाळा सोडल्याचं कारण. आमच्या रजिस्टरात पानच्या पानं ‘सततची गैरहजेरी’ आहे, म्हणजे नाव घातलं, दोन महिने आलं, सुगी आली की गेलं गुरांमागं. दाखल झाला म्हणजे शिकला असं धरून मी आधी मस्त तक्ता केला होता, तो पुरा फाडावा लागला.

शाळेच्या आधीचं विचारायचं असंल तर ‘शाळा कधी निघाली’ विचारू नका, ‘पंतोजी कुणाच्या ओसरीवर बसायचे’ विचारा. धूळपाटी, पावकी, निमकी, औटकी असे शब्द टाकले की नव्वदीतलं माणूस आपोआप पाढे म्हणायला लागतं. आणि 1919 नंतरचं असंल तर आमच्या भागात रयत शिक्षण संस्था टाळून पुढं जाताच येत नाही. कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी ती काढली, 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग काढलं, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तुमच्या घरात कुणी ‘बोर्डिंगात होतो’ म्हणत असंल तर त्याला पहिलं गाठा, एकाच ताटात कोण कोण जेवलं ते विचारा, शिक्षणाचा विषय आपोआप निघतो.

मोठ्या माणसांसाठी वेगळी लाट आली ती ग्रामशिक्षण मोहिमेची, 1959 ला आपल्या सातारा जिल्ह्यातच सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आमच्या आज्जीनं सही त्यातच शिकली, देवळात कंदिलावर. माझ्या आत्तीच्या म्हणण्याप्रमाणं आज्जीला पुढं आयुष्यभर वाचता असं आलं नाही, पण सही यायची, आणि सही करायचा कागद आला की ती आधी हात धुवून यायची. देशाचा साक्षरतेचा आकडा 1901 ला 5.35 टक्के आणि 1951 ला 18.33 टक्के होता, हे पुस्तकात असतंय, पण हात धुवून सही करणारी बाई त्या आकड्यात कुठं धरायची मला अजून कळलेलं नाही. म्हणून साक्षर-निरक्षर असे दोनच रकाने करू नका. सही येते पण वाचता येत नाही, पोथी वाचता येते पण पत्र लिहिता येत नाही, हिशोब लिहिता येतो पण बाकी काही नाही, असं कायकाय निघतं.

बायकांशी बोलताना ‘तुम्ही शिकलाय का’ हा प्रश्न बाद. लगेच ‘न्हाई बाबा, आम्ही अडाणी’ म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, मुंबईचं पत्र यायचं ते वाचून कोण दाखवायचं? आमच्या भागातल्या घरटी एक माणूस गिरणीत, त्यामुळं पत्र आणि मनिऑर्डर दोन्ही यायच्या, पोस्टमन वाचून दाखवायचा, नाहीतर शेजारचं तिसरीतलं पोरगं. आणि उत्तर पण त्याच पोराकडनं लिहून घ्यायचं. आता नवऱ्याला मनातलं काय सांगायचं असंल ते आठ वर्षांच्या पोराला, ते पण सासूसमोर, कसं सांगणार? म्हणून सगळी पत्रं ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आणि ‘इकडील सर्व क्षेम’ इथंच संपतात. एक चुलती म्हणाली, मी पोराला सांगायचे की शेवटी एक ओळ रिकामी सोड, ते समजायचे. बोलणारी, लिहिणारा, वाचणारा सगळे वेगळे असले की पत्रात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते विचारत बसावं लागतं.

वाचन म्हणजे एकट्यानं गप बसून वाचणं, हे पण डोक्यातनं काढा. श्रावणात देवळात पोथी लागते, एक वाचणार, एक अर्थ सांगणार, पन्नास जण ऐकणार, आणि त्या पन्नासात कितीतरी जणांना अध्याय पाठ. वाचणाऱ्यानं ओळ चुकवली तर मागनं अक्षर न येणारी म्हातारी दुरुस्त करते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पोथी कुणाच्या घरची, वाचायचा मान कुणाचा, आणि तो मान कधी कुणाकडनं कुणाकडं गेला, यावर गावात अजून भांडणं आहेत, त्यामुळं हे विचाराल तेव्हा जपून. जैन घरं असतील, सांगलीकडं भरपूर आहेत, तर शास्त्रवाचन, बस्तीतले (जैन देवळातले) हस्तलिखित ग्रंथ, आणि ते बऱ्याचदा कन्नड लिपीत. मिरज, तासगाव, जत बाजूला शिलालेख पण जुने कन्नडच निघतात, ते बघून गोंधळू नका, त्याला हळद-चुना फासून वाचायला जाऊ नका, फोटो काढून जाणकाराला द्या. आदिलशाही फर्मान असंल तर वर फारसी, खाली मोडी मराठी, असं दोन्ही एका कागदावर.

सांगली-कोल्हापूरकडच्यांनी हेळव्यांना विसरू नये. ते कर्नाटकातनं येतात, घराण्याची वंशावळ वहीतनं वाचतात, धान्य-पैसे घेतात, नव्या पोरांची नावं चढवतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, हल्ली जीपनं. ते आले की रेकॉर्डिंगची परवानगी मागा, दक्षिणा नीट द्या, त्यांच्या धंद्याची वही आहे ती, फुकट फोटो काढायचा सोस करू नका. तसंच पंढरपूर नाहीतर त्र्यंबकच्या उपाध्यांकडच्या वह्या, आडनाव आणि गाव सांगितलं की पणजोबा कधी येऊन गेले ते निघतं, आणि नशीब असंल तर त्यांच्या हातचं अक्षर.

आता लेखक कोण, हा गुंता. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आलं म्हणजे तुकोबांचाच असं नाही, नाव घालून मागाहून कितीतरी रचले गेलेत. आणि खरे ते तरी कागदावर कुणी घेतले? संताजी जगनाडे तेली आणि गंगाराम मवाळ. सज्जनगडच्या समर्थांचं लिहून घ्यायला कल्याण. जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात तर यादीच आहे, सावता माळ्याचं काशिबा गुरव लिहायचे, चोखोबांचं अनंतभट्ट. म्हणजे सांगणारा एका जातीचा, लिहिणारा दुसऱ्या, आणि ते त्यांनी लपवलेलं पण नाही. सोयराबाई तर स्वतःच्या अभंगात ‘चोखियाची महारी’ एवढंच म्हणते, नाव नवऱ्याचं, जात गावानं दिलेली, शब्द मात्र तिचे. तमाशाकडं याच्या उलटं, लावणीत शाहीर शेवटी नाव ठणकावून घालतो. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, घर लिहिणाऱ्यांचं, ते फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. आणि त्याच तालुक्यात वाटेगावला 1 ऑगस्ट 1920 ला जन्मलेले अण्णाभाऊ साठे, शाळा दीडच दिवस असं सांगतात, अन् रशियनमध्ये भाषांतरं झाली. एका तालुक्यात ही दोन टोकं, आणि बाकीच्या फडांतल्या शाहिरांची बाडं (हातानं लिहिलेल्या वह्या) कुठल्यातरी नातवाच्या कपाटात पडून असतील. बाड मिळालं तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो आधी काढा, नाव, साल, गाव तिथंच असतं.

ओव्यांना तर नावच नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी करून ठेवलंय, लाखाच्या वर ओव्या, आणि प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव. हीच पद्धत उचला. जातं नसंल तर बाईला नुसतं म्हणा म्हटलं तर आठवत नाही, हात फिरायला लागतो, म्हणून मी आत्तीला डाळ भरडायला जातं मांडून दिलं आणि मोबाइल लांब ठेवला, कारण समोर धरला की ती टीव्हीत बोलल्यासारखी शुद्ध बोलायला लागायची. तासाभरात त्रेचाळीस ओव्या झाल्या. ‘न्हाई’ला ‘नाही’ करत बसू नका, म्हटली तशी उतरवा.

उतरवून झाल्यावर वही तिला वाचून दाखवली. वर मी तिचं नाव घातलं होतं, तर म्हणाली, माझं नाव कशाला, मी थोडीच केल्यात, आयनं म्हटल्या, तिला तिच्या आयनं दिल्या. मग मी रकाने सांगितले, सांगणार तू, बिकलम मी, आणि निशाणीची जागा रिकामी आहे, सही कर. ती म्हणाली, सही बँकेत करते मी, हितं कशाला. पेन घेतलं आणि कोपऱ्यात एकात एक दोन गोल काढले, बाजूला खुंटा.